खड्याला ऊन दाखवू नये

इमारतीत त्यांना सगळे ‘कारागीर’ म्हणत. हे आडनाव नव्हे, आणि कौतुक तर मुळीच नव्हे. नोकरीनं ते पाणीपुरवठा कचेरीतल्या तक्रार विभागाचे प्रमुख. पण घरी आल्यावर हातात पक्कड घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांनी जिन्यातला दिवा दुरुस्त केला, तेव्हापासून तो लावला की तळमजल्यावरच्या दाराची घंटा वाजते. त्यांनी घरातला पंखा दुरुस्त केला, तो आता छताला वारा घालतो. आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय बसवला. त्या स्टुलावर चढून वहिनी फळीवरचा डबा काढायला गेल्या, तेव्हा डबा एकीकडे, पाय दुसरीकडे आणि वहिनी तिसरीकडे अशी पांगापांग झाली. वहिनींचं डावं मनगट मोडलं.

वहिनी म्हणजे कारागीरांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

दवाखान्यात पोचेपर्यंत हात टम्म सुजला होता आणि बोटात अंगठी रुतून बसली होती. अंगठी साधीच. सोन्याचं पातळ कडं आणि वर कच्च्या सफरचंदाच्या रंगाचा, गुळगुळीत, दुधी हिरवा खडा. परिचारिका म्हणाली, “कापावी लागेल,” आणि तिनं कातर आणली. तेव्हा, हाड मोडल्यावर जे पाणी वहिनींच्या डोळ्यांत आलं नव्हतं ते आलं. “आईची आहे हो माझ्या,” एवढंच त्या म्हणाल्या.

कारागीर पुढे झाले. म्हणाले, “सिस्टर, दोरा आहे का?” दोऱ्याचं टोक त्यांनी अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटाला नखापर्यंत घट्ट गुंडाळला, वर साबण चोळला, आणि खालच्या टोकानं एकेक वेढा सोडवत गेले. प्रत्येक वेढ्याबरोबर अंगठी कणभर पुढे सरकत गेली आणि शेवटी सुटून त्यांच्या तळहातावर पडली. खड्याला ओरखडा नाही, सोन्याला बाक नाही. दुरुस्तीच्या आजवरच्या प्रवासात कारागीरांना आलेलं हे पहिलं यश, आणि तेही साक्षीदारांसमक्ष.

“कधी कधी जमतं तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी अंगठी त्यांच्या मुठीत दाबली. “आता ही तुमच्याकडे. प्लास्टर निघेल त्या दिवशी मला परत द्या. बाकी घरातलं काय मोडायचं ते मोडा, मी ब्र काढणार नाही. फक्त हिला धक्का लागता कामा नये.”

स्टूल कुणी दुरुस्त केलं होतं याचा त्यांनी उच्चारही केला नाही. तो त्यांनी केला असता तर कारागीरांना बरं वाटलं असतं. भांडून मोकळं होता आलं असतं. आता ती अंगठी सांभाळणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, आणि आपला हात कसा आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शहाण्या माणसानं अंगठी कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं. कारागीरांनीही तेच केलं. पण शेजारी पोस्टमास्तर राहत होते.

पोस्टमास्तर निवृत्त झाल्यापासून अभ्यास करत. दर वर्षी विषय नवा. आधी मधमाश्या झाल्या, मग होड्या, आणि वहिनींचा हात मोडला ते वर्ष नेमकं खड्यांचं होतं. ते वहिनींच्या समाचाराला आले, चहा घेतला, आणि दाराबाहेर पडल्यावर कारागीरांना कोपऱ्यात घेतलं.

“अंगठी कुठे ठेवलीत?”

“कपाटात. कुलपात.”

“तरीच,” पोस्टमास्तर म्हणाले. “वहिनींना झोप नाही, ठणका थांबत नाही, चिडचिड होते. होणारच. अहो, हिरवा खडा मनाला गारवा देतो. जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. राग शांत करतो, वाणी गोड करतो. फाशीच्या चोरानं हा खडा तोंडात धरला तर जल्लादाला तो दिसेनासा होतो म्हणतात. असा खडा वर्षानुवर्षं अंगावर असलेला आणि तुम्ही उचलून अंधारात कोंडलात! मरगळणारच तो. रोज थोडं ऊन दाखवा त्याला. खडा टवटवीत, तर माणूस टवटवीत.”

कारागीरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण आतल्या खोलीत वहिनी उशीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलेल्या त्यांना दिसत होत्या. विश्वास नसला तरी ऊन फुकट होतं. त्या माणसाला बायकोसाठी काहीतरी करायचं होतं हो, आणि करण्यासारखं दुसरं काही कुणी सांगत नव्हतं.

मागच्या गॅलरीत त्यांचा कारखाना होता. तिथे खिळे, तारा आणि अर्धवट उघडलेली यंत्रं असल्यामुळे वहिनी कधी फिरकत नसत. त्यांनी अंगठी तिथल्या कठड्यावर ठेवली. पण गॅलरीत ऊन थोडाच वेळ येई, आणि आहे त्यात सुधारणा केल्याशिवाय कारागीरांना स्वस्थ बसवत नसे. म्हणून त्यांनी दाढीचा आरसा तारेनं बांधून ऊन खड्यावर वळवलं. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा वर्तमानपत्र वाचायचं भिंग मध्ये टांगलं. खड्यावर प्रकाशाचा असा लखलखीत ठिपका पडला की कारागीर स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. गंमत म्हणजे त्याच सुमाराला वहिनींना झोप लागू लागली. गोळ्यांनी लागली असेल, पण श्रेय आरशाला मिळालं.

आणि एका सकाळी कारागीरांनी अंगठी उचलली तर खडा पांढरट. आधी वाटलं धूळ बसली असेल. पुसून पाहिली. मग चष्मा पुसला. मग दोन्ही पुन्हा पुसले. आरशाकडची बाजू तर पार खडूसारखी झाली होती. कारागीर खिळ्यांच्या डब्यावर मटकन बसले. आत वहिनी विचारत होत्या, “अहो, अंगठी नीट आहे ना?” आणि हे बाहेरून म्हणाले, “अगदी.” असं धडधडीत खोटं ते कचेरीतसुद्धा बोलत नसत. तिथे ते ‘चौकशी चालू आहे’ म्हणत.

त्यांनी ही गोष्ट फक्त पोस्टमास्तरांना सांगितली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती वहिनी सोडून साऱ्या इमारतीला कळली. जिन्यात भेटेल तो आवाज खाली आणून उपाय सांगे. एक म्हणाला तेल चोळा, दुसऱ्यानं व्हिनेगर सुचवलं, तिसऱ्यानं दात घासायची पेस्ट. एकानं तर हिरवी शाई सांगितली, आणि खोटं कशाला बोला, कारागीरांनी शाईची बाटली हातात घेऊन पाहिलीही होती. पण बाटलीचं बूच निघालं नाही, आणि अंगठी वाचली.

शेवटी ते सराफाकडे गेले. सराफानं डोळ्याला भिंग लावलं, खडा फिरवून पाहिला. मग म्हणाला, “कुणी भाजली?”

“भाजली नाही. जरा ऊन दाखवलं.”

“ऊन गाद्यांना दाखवायचं असतं, साहेब. हा अकीकाच्या भावकीतला खडा. क्रिसोप्रेज म्हणतात. ह्याच्या हिरवेपणात ओलाव्याचा भाग असतो. उन्हानं, शेकानं तो गेला की रंग उतरतो.”

“परत येतो का?” हे विचारताना कारागीरांचा आवाज इतका बारीक झाला की सराफानं डोळ्यावरचं भिंग काढलं.

“येतो कधी कधी. ओल्या कापसात ठेवा, अंधारात. धीर धरा. लिंबू, व्हिनेगर, सोडा, गरम पाणी, काही म्हणता काही लावू नका. आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्यात सुधारणा करू नका.”

“मी सुधारणा करतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमचे पोस्टमास्तर आत्ताच येऊन गेले,” सराफ म्हणाला.

झालं. अंगठी ओल्या कापसात गेली. पण कारागीर कचेरीतून येईपर्यंत कापूस वाळून जाई. त्यात एकदा वहिनी म्हणाल्या, “घरातला कापूस कुठे जातोय हो सगळा?” तेव्हा त्यांनी खिशातला कापूस आणखी आत दाबला. पोस्टमास्तरांकडे याही संकटावर उत्तर तयार होतं. “कापूस झाडाचा. खड्याचा त्याच्याशी संबंध काय? खडा आला मातीतून. त्याला मातीत ठेवा, ओल्या मातीत. माहेरी गेल्यासारखं वाटेल त्याला.”

घरातल्या कुंड्या वहिनींच्या राज्यातल्या. त्या एका हातानंसुद्धा माती उकरून बघत. तेव्हा कारागीरांनी इमारतीच्या फाटकाजवळच्या कुंड्या हेरल्या. फुटपाथला लागून असलेल्या कट्ट्यावर त्या कधीकाळी शोभेसाठी मांडल्या होत्या आणि नंतर सगळ्यांनी मिळून विसरल्या होत्या. शेवटच्या कुंडीत एक मरायला टेकलेलं झाड होतं. त्याच्या मुळाशी, कापडी पुरचुंडीत बांधून, कारागीरांनी सासूबाईंची अंगठी पुरली. मग रोज सकाळी ते तिथे पाणी घालू लागले. एकाच कुंडीला घातलं तर संशय येईल म्हणून सगळ्याच कुंड्यांना घालत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर भर बैठकीत त्यांचं कौतुक केलं. इतकी वर्षं मन लावून दुरुस्त्या केल्या त्याचं कुणी नाव काढलं नव्हतं, आणि हे पाप झाकायला केलेलं काम टाळ्या घेऊन गेलं.

मग एके दिवशी कारागीर कचेरीतून आले तर कट्टा रिकामा. एकही कुंडी नाही. नुसते मातीचे गोल डाग.

“अतिक्रमणवाल्यांची गाडी आली होती,” सेक्रेटरी म्हणाले. “फुटपाथवर आलेलं सगळं उचलून नेलं. नोटीस लावली होती की मी.”

“कुठे लावली होती?”

“फलकाच्या जागी. फलक तुम्ही दुरुस्तीला नेलाय ना, म्हणून नुसत्या खिळ्याला अडकवली. वाऱ्यानं गेली असेल.”

कारागीरांची पाचावर धारण बसली. घरात पाऊल टाकतात तोच वहिनी हसून म्हणाल्या, “दवाखान्यातून फोन आला. परवा प्लास्टर काढणार. अंगठी जरा घासूनपुसून ठेवा हं. नको, राहू दे. घासू नका. नुसती ठेवा.” त्या कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या, आणि त्या हसण्याकडे बघायची कारागीरांची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते अतिक्रमण विभागात गेले. तिथे त्यांना एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीकडून पहिलीकडे, आणि मग जेवणाची सुट्टी असल्यामुळे बाकावर पाठवण्यात आलं. या खेळाचे सगळे डाव कारागीरांना पाठ होते. पण आजवर ते पलीकडच्या बाजूनं खेळले होते. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण सरकारी ताब्यातल्या कुंडीत सोनं आहे म्हटल्यावर पंचनामा आला, आणि पंचनामा म्हणजे काय ते सरकारी माणसाला सांगावं लागत नाही. खडा तोंडात धरला की चोर सुटतो हे ठीक. पण खडा कुंडीत आणि चोर कचेरीत असला तर काय करायचं, ते पोस्टमास्तरांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी गोदामाच्या कारकुनाची गाठ पडली. जाड भिंगांच्या चष्म्याचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला गृहस्थ. त्याच्या नखांत माती होती.

“कुंड्या हव्यात तर सोसायटीचा अर्ज आणा.”

“सगळ्या नकोत. एकच हवी. त्या झाडावर... जीव आहे हो माझा.”

कारकुनानं हातातलं काम बाजूला ठेवलं. “झाडासाठी आलात? इतकी वर्षं मी इथे आहे, लोक हातगाड्यांसाठी येतात, पाट्यांसाठी येतात. झाडासाठी कुणी आलं नाही. कुठलं झाड?”

“हिरवं,” कारागीर म्हणाले.

“नाव काय त्याचं?”

“आम्ही... नावानं हाक नाही मारत त्याला.”

कारकुनाला काय वाटलं कुणास ठाऊक, पण तो त्यांना मागच्या आवारात घेऊन गेला. तिथे जप्त कुंड्यांच्या रांगा होत्या, आणि एकही झाड सुकलेलं नव्हतं. कारागीरांचं झाडही तिथे होतं. एका दिवसात त्याची पानं जरा ताठ झाली होती. फक्त कुंडी निराळी होती.

“कालच बदलली मी,” कारकून अभिमानानं म्हणाला. “मुळं कुजत होती. पाणी फार घालत होतात तुम्ही. जुनी माती ती तिकडे, बाकीच्या मातीत कालवली.” तिकडे म्हणजे साऱ्या शहरातून जप्त झालेल्या मातीचा, छातीएवढा, ओला ढीग होता.

कारागीर त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग विटेवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. स्टूल, दोरा, आरसा, भिंग, पुरचुंडी, सगळं. “अंगठी मोलाची नाही हो एवढी,” ते म्हणाले. “पण तिनं एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. उद्या ती हात पुढे करील, मी काय देऊ?”

कारकून बाह्या आणखी वर सारत वळला. मग कोपऱ्यातली चाळण घेऊन आला. “आधीच सांगायचंत. पंचनामा वगैरे मला येत नाही, मी मातीचा माणूस. चला, चाळू. पण चिकट माती आहे, वरून पाण्याची धार हवी, आणि इथे नळाला पाणी नाही. झाडांना मी समोरच्या रस्त्यावरून कॅन भरून आणतो. पाणीपुरवठ्याला तक्रार करून करून थकलो. तिथे एक प्रमुख बसतात. कधीही जा, म्हणतात चौकशी चालू आहे.”

कारागीर खाली मातीकडे बघत म्हणाले, “ते मीच.”

कारकुनानं चाळण त्यांच्याकडे दिली नाही आणि मागेही घेतली नाही. कारागीरांनी आपल्याच विभागाला फोन लावला. त्यांच्याच हाताखालच्या, त्यांनीच तयार केलेल्या मुलीनं फोन उचलला, आवाज ओळखला नाही, आणि गोड स्वरात म्हणाली, “चौकशी चालू आहे. उद्या फोन करा.” आपलं वाक्य कानावर असं येऊन आदळतं हे कारागीरांना इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळलं. त्यांनी आपली ओळख सांगितली. त्यानंतर लाइनमन इतक्या लगबगीनं आला की त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. नळाला काहीही झालेलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून विसरलं होतं.

“चौकशीत हे निघालं नाही का?” कारकुनानं विचारलं.

“चौकशी झालीच नव्हती,” कारागीर म्हणाले. “माफ करा मला.”

दोघं मिळून ढीग उपसत बसले. एक माती घालतोय, दुसरा धार धरतोय. चिंचोके निघाले, बटणं निघाली, एक चमचा निघाला. ऊन उतरायला लागलं तेव्हा चाळणीत एक मातकट पुरचुंडी अडकली. गाठीला कारागीरांनी हात लावला नाही, ती कारकुनानं सोडली. त्यानं अंगठी धारेखाली धरली. खडा बराचसा हिरवा झाला होता. आरशाकडच्या कडेला मात्र चंद्रकोरीएवढा फिकट डाग राहिला होता, आणि कितीही वेळ पाणी सोडलं तरी तो गेला नाही.

दवाखान्यात प्लास्टर कापलं गेलं. वहिनी आतून निघालेला हात बघत राहिल्या. बारीक, फिकट, सुरकुतलेला. बोटं तर काड्या. “हा माझा हात नाही वाटत हो,” त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी तो पदराखाली घेतला.

कारागीरांनी अंगठी काढून दिली. काही सारवासारव करायची नाही असं ठरवून आले होते, आणि त्यांनी ती केली नाही. वहिनींनी अंगठी खिडकीकडे धरली, डाग पाहिला, आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग कारागीरांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आरशापर्यंत वहिनी गंभीर होत्या. भिंगाशी त्यांचे ओठ हलले. ‘नावानं हाक नाही मारत’ इथे पोचल्यावर त्यांना हसू आवरेना. प्लास्टर कापणारा माणूस करवत हातात घेऊन उभा राहिला. हसता हसता वहिनी रडल्या, मग पुन्हा हसल्या.

“माझ्यासाठी ऊन दाखवत होतात?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काही सुचेना. स्टूल मीच...”

“गप्प बसा. हिचा थोडा रंग गेला, माझाही गेलाय. काय बिघडलं?”

त्यांनी अंगठी बोटात घातली. ती सरळ घसरून मांडीवर पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. कारागीर म्हणाले, “आत दोरा गुंडाळून जरा घट्ट...” आणि वहिनींच्या नजरेला नजर भिडताच थांबले.

वहिनींनी त्यांचा हात ओढून घेतला आणि अंगठी त्यांच्या करंगळीत चढवली. “माझं बोट भरेपर्यंत इथे. काही करायचं नाही, नुसती घालायची. कचेरीतसुद्धा.”

“अगं, बायकी दिसते. लोक हसतील.”

“हसू देत. लोकांचं पाणी सोडा वेळच्या वेळी, म्हणजे कमी हसतील.”

तर अशी ती अंगठी कारागीरांच्या करंगळीत गेली. कचेरीतली ती मुलगी पहिल्या दिवशी हसली, पुढे तिला सवय झाली. इमारतीत मात्र पहिल्याच संध्याकाळी पोस्टमास्तरांनी त्यांना जिन्यात गाठलं, चष्मा वर करून करंगळी न्याहाळली आणि आवाज खाली आणला.

“हे चुकतंय हां. बायकांचा खडा पुरुषानं घालायचा नसतो. दोघांनाही बाधतो. आधी उतरवा ती. उतरवून एक करा...”

आजवर पोस्टमास्तरांचा एकही सल्ला कारागीरांनी मोडला नव्हता. त्यांनी हात पाठीमागे घेतला.

“निघत नाही हो,” ते म्हणाले. “रुतून बसलीय.”

आणि ते वर गेले. अंगठी चांगली सैल होती, म्हणून पायऱ्या चढताना त्यांनी मूठ घट्ट मिटून धरली होती.